रिमही कंपनीचे, ब्रेकही कंपनीचेच, मग स्टॉक वर्गात ते चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ इंदूरचेच असून त्यांच्याकडे २०१६ ची मारुती बलेनो, डेल्टा आवृत्तीची, आहे. गाडी पेट्रोलची, १.२ लिटर इंजिनाची आहे आणि तिला १५ इंची लोखंडी रिम व मागे ड्रम ब्रेक आहेत. अपघातात मोडीत निघालेली एक बलेनो आरएस (बलेनोची जास्त ताकदीची आवृत्ती) त्यांना स्वस्तात मिळते आहे. तिचे १६ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) आणि मागचे डिस्क ब्रेक आपल्या गाडीला लावून या हिवाळ्यात क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मैदानावर आखलेल्या वळणांच्या मार्गावरून एकेक गाडी वेळ लावून पळवण्याच्या स्पर्धेत, स्टॉक वर्गात, म्हणजे कारखान्यातून आल्या तशाच गाड्यांच्या वर्गात, उतरायचा त्यांचा विचार आहे. मित्रांपैकी काहींच्या मते सगळे भाग मारुतीचे आणि बलेनोचेच असल्यामुळे हरकत घ्यायला जागा नाही. काहींच्या मते अलॉयसुद्धा चालणार नाहीत. यांपैकी खरे काय, असे त्यांनी विचारले आहे.

आमच्या भागातल्या क्लबांच्या स्पर्धांमध्ये मी अनेक वर्षे गाड्यांची तपासणी करतो आणि हा प्रश्न या ना त्या रूपात दर मोसमात समोर येतोच. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. अलॉय बहुधा चालतील, मात्र ते आरएसचे म्हणून चालणार नाहीत. डेल्टाच्याच पिढीतल्या अल्फा या वरच्या आवृत्तीला त्याच मापाचे अलॉय कारखान्यातून मिळत होते, म्हणून चालतील, आणि तेही आयोजकांचे नियमपुस्तक तसे म्हणत असेल तरच. मागचे डिस्क ब्रेक मात्र स्टॉक वर्गात चालणार नाहीत, असे जवळजवळ खात्रीने सांगता येते.

मित्रांच्या वादात दोन्ही बाजू सुटा भाग हातात घेऊन बोलत आहेत. भाग अस्सल आहे की नाही, त्यावर कंपनीचा क्रमांक आहे की नाही, तो शोरूममधून आला की भंगारातून, यांवर चर्चा चालू आहे. स्टॉक वर्गाचा नियम सुट्या भागाविषयी बोलतच नाही, तो संपूर्ण गाडीविषयी बोलतो. आपण ज्या अवस्थेत गाडी रांगेत उभी करता, त्या अवस्थेतली गाडी, त्या वर्षी, त्या नावाने, त्या इंजिनासह कारखान्याने विकली होती का, एवढाच तपासणी करणाऱ्याचा प्रश्न असतो. १.२ लिटरचे इंजिन आणि मागे डिस्क ब्रेक अशी बलेनो मारुतीने भारतात कधी विकली नाही. डिस्क अस्सल आहे आणि इंजिनही अस्सल आहे, पण दोन्ही एकत्र असलेली गाडी आपल्या गॅरेजात तयार झाली. जुळ्या भावांपैकी एकाचे प्रवेशपत्र घेऊन दुसऱ्याला परीक्षेला बसता येत नाही, भले दोघे एकाच घरचे असोत.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते आधी मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण ‘स्टॉक’ नावाचा एकच एक नियम जगात कुठेही नाही. भारतात मोटारस्पर्धांची राष्ट्रीय संघटना म्हणजे चेन्नईस्थित एफएमएससीआय, आणि ती एफआयए या जागतिक संघटनेशी संलग्न आहे. तिच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धेत तिचे सर्वसाधारण नियम लागू असतात. त्याखेरीज प्रत्येक स्पर्धेचे स्वतंत्र पूरक नियम, म्हणजे ज्यांना सगळे सप्लिमेंटरी रेग्युलेशन म्हणतात ते, आधी प्रसिद्ध केलेले असतात. वर्गांची व्याख्या आणि कशाला परवानगी आहे याचा तपशील तिथेच सापडतो. क्लबने केवळ सभासदांपुरती ठेवलेली स्पर्धा असेल, तर पुष्कळदा एका पानाचे नियम असतात आणि त्यात ‘गाडी शोरूम कंडिशनमध्ये असावी’ एवढेच वाक्य असते. या एका वाक्याचा अर्थ त्या दिवशी तपासणीला उभा असलेला माणूस लावतो आणि तो आपल्या मित्रमंडळींच्या मताला बांधलेला नसतो.

पुस्तक कोणतेही असो, त्यामागची वाचनपद्धती मात्र बहुतेक ठिकाणी सारखी असते आणि नवा स्पर्धक नेमका तिथेच चुकतो. आपल्याला सवय असते ती रस्त्यावरच्या कायद्याची, जिथे जे मना केलेले नाही ते करता येते. स्पर्धेचे तांत्रिक नियम याच्या उलट वाचायचे असतात, म्हणजे ज्याला स्पष्ट परवानगी दिलेली नाही ते सर्व निषिद्ध. एफआयएच्या नियमावलीतल्या ‘जे’ (J) या परिशिष्टात हे तत्त्व सरळ लिहिलेले आहे. त्यामुळे ‘मागचे ब्रेक बदलू नयेत असे कुठे लिहिले आहे?’ हा प्रश्न तपासणीच्या टेबलावर उपयोगी पडत नाही. ‘मागचे ब्रेक बदलता येतील असे कुठे लिहिले आहे?’ याचे उत्तर आपल्याकडे असावे लागते, आणि गाडी नियमात बसते हे दाखवून देण्याची जबाबदारीही स्पर्धकाचीच असते.

दोन नियमपुस्तकांची उदाहरणे देतो, म्हणजे चाके आणि ब्रेक यांच्याकडे नियम किती वेगवेगळ्या नजरेने पाहतात ते लक्षात येईल. पहिले उदाहरण एफआयएच्या ग्रुप एनचे. उत्पादनातल्या गाड्यांसाठीचा हा जुना गट असून आपल्याकडच्या रॅलींच्या वर्गरचनेवर त्याची छाप अनेक वर्षे राहिली. त्यात येण्यासाठी गाडीच्या किमान २,५०० एकसारख्या प्रती सलग बारा महिन्यांत तयार झालेल्या असाव्या लागतात आणि त्या गाडीचा होमोलोगेशन फॉर्म, म्हणजे मान्यतेचे नोंदपत्र, असतो, ज्यात चाकाच्या व्यासापासून ब्रेकच्या मापांपर्यंत सगळे नोंदलेले असते. या गटात रिम कोणत्या कंपनीचा आहे याला महत्त्व नाही. फॉर्ममधला व्यास पाळायचा, नोंदलेली रुंदी ही कमाल मर्यादा समजायची आणि दोन चाकांमधले अंतर नोंदीपेक्षा वाढू द्यायचे नाही, एवढे पुरेसे असते. ब्रेकचे लायनिंग मोकळे आहे, मात्र घर्षणाचे क्षेत्रफळ वाढता कामा नये. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) आणि डिस्क फॉर्ममध्ये असतील त्याच. म्हणजे बाजारातला परका अलॉय तिथे चालू शकतो, आणि कंपनीचाच पण दुसऱ्या मॉडेलचा ब्रेक चालत नाही. आपल्या मित्रांच्या युक्तिवादाच्या हे बरोबर उलटे आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या एससीसीए या मोटारस्पर्धांच्या क्लबचे, कारण इंटरनेटवर वाचून आलेली मंडळी बहुधा त्याच नियमांचा दाखला देतात. तिथे ऑटोक्रॉसचे जे वर्ग पूर्वी स्टॉक म्हणून ओळखले जात, त्यांना २०१४ पासून स्ट्रीट म्हणतात. या वर्गात रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, व्यास एक इंचाने कमी किंवा जास्त करता येतो आणि ऑफसेटमध्ये (रिमच्या मध्यरेषेपासून बोल्टच्या बैठकीच्या अंतरात) सात मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. पॅड बदलता येतात. कारखान्याच्या एका पॅकेजातून दुसऱ्या पॅकेजात गाडी नेण्याची मुभाही आहे, पण तिला दोन अटी आहेत. दोन्ही पॅकेजे एकाच मॉडेल वर्षातली असली पाहिजेत आणि बदल संपूर्ण झाला पाहिजे, म्हणजे त्या पॅकेजसोबत येणारी प्रत्येक गोष्ट गाडीत आली पाहिजे. उदाहरणार्थ, १९९० ते १९९३ या काळातल्या १.६ लिटर माझदा मियाटाला पुढे २३५ मिलिमीटरची डिस्क होती. १९९४ पासून १.८ लिटरचे इंजिन आले तेव्हा ती २५५ मिलिमीटरची झाली. नवी डिस्क जुन्या गाडीला सहज बसते आणि तिथले हौशी लोक ती बसवतातही, पण तशी गाडी स्ट्रीट वर्गात चालत नाही. तिला अधिक मोकळ्या वर्गात जावे लागते. भाग माझदाचा, गाडी माझदाची, मॉडेलचे नावही एकच, तरीही वर्ष वेगळे आणि बदल अर्धवट म्हणून वर्ग बदलतो.

हे अमेरिकेचे नियम आपल्याकडे लागू नाहीत, हे वेगळे सांगायला नको. पण त्यातली ‘एकाच वर्षाची गाडी आणि पूर्ण बदल’ ही कसोटी मला स्वतःला फार उपयोगी वाटते. पूरक नियम मोघम असतील तेव्हा मी मनातल्या मनात तीच लावून पाहतो आणि स्पर्धकांनाही ती समजावून सांगतो. बहुतेकांना ती पटते, कारण तिच्यात कुणावर अन्याय होत नाही.

आता आपल्या चाकांकडे येऊ. २०१५ च्या ऑक्टोबरात बलेनो आली तेव्हा खालच्या आवृत्त्यांना १८५/६५ आर १५ मापाचे टायर होते आणि वरच्या अल्फाला १६ इंची अलॉयवर १९५/५५ आर १६ होते. आरएसलाही १९५/५५ आर १६ हेच माप होते. म्हणजे डेल्टाच्या काळातली, त्याच इंजिनाची, १६ इंची चाकांची बलेनो कारखान्याच्या यादीत आहे, आणि आपला सगळा आधार हाच. स्पर्धेच्या नियमात ‘त्या मॉडेलच्या कोणत्याही आवृत्तीवर कारखान्यातून मिळणारे चाक’ किंवा अशा अर्थाचे वाक्य असेल, तर अल्फाचे चाक दाखवून आपण बिनघोर उभे राहू शकता. नियम ‘नोंदणीपत्रावरच्या आवृत्तीप्रमाणेच गाडी असावी’ असा असेल, तर डेल्टाला १५ इंचीच ठेवावे लागतील आणि वाद घालण्यात अर्थ नाही. आणि नियम नुसता व्यास व रुंदी सांगणारा असेल, तर रिमच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत असलेले आकडे वाचून घ्यावेत. तिथे व्यास, रुंदी आणि ऑफसेट तिन्ही सापडतात आणि तपासणी करणारासुद्धा तेच आकडे वाचतो.

आरएसच्या रिमची एक बारीक अडचण आहे. माप अल्फासारखेच असले तरी त्याचा काळा रंग आरएसची ओळख आहे, आणि रांगेतला दुसरा स्पर्धक तो लांबूनही ओळखेल. केवळ मापांवर चालणाऱ्या नियमात याने काही बिघडत नाही. भागाच्या क्रमांकावर चालणाऱ्या नियमात मात्र बिघडते, कारण तिथे अल्फाचा क्रमांक लागेल. तेव्हा पैसे द्यायच्या आधी नियम कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून घ्यावे. अल्फाचे जुने अलॉय इंदुरात काही दुर्मिळ नाहीत. २०१९ च्या जानेवारीत बलेनोचे रूप थोडे बदलले तेव्हा अलॉयची नक्षीही बदलली, म्हणून वर्षाची अट असेल तर त्याआधीचेच घ्यावेत.

पण या चाकांनी आपली वेळ कमी होणार आहे का? थोडा हिशेब करू. १८५/६५ आर १५ टायरची उभी भिंत १२०.२५ मिलिमीटरची असते, ती दोनदा धरून त्यात रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. १९५/५५ आर १६ चा हाच हिशेब केला तर भिंत १०७.२५ आणि व्यास ६२०.९ मिलिमीटर. फरक एक मिलिमीटरचाही नाही. कंपनीने तो मुद्दामच इतका कमी ठेवलेला असतो, म्हणजे स्पीडोमीटर आणि गिअरचे गणित बिघडत नाही. त्यामुळे सुटताना गाडी ना जास्त ओढेल ना कमी. मिळते ते एवढेच की टायर एक सेंटिमीटर रुंद होतो आणि त्याची भिंत सुमारे १३ मिलिमीटरने ठेंगणी होते. डांबरावर वळताना याचा थोडा फायदा जाणवतो. आपल्याकडचे ऑटोक्रॉस मात्र बहुतांशी मातीच्या मैदानावर होते, आणि माळव्याची काळी माती वाळली की तिचे ढेकूळ दगडासारखे कडक होते. अशा मैदानावर मी स्वतः उंच भिंतीचा टायर आणि लोखंडी रिम पसंत करीन. लोखंडी रिम वाकला तर ठोकून सरळ होतो. अलॉयला तडा गेला की तो दिवस संपला. मातीवर रॅली करणारे लोक पुष्कळदा मुद्दाम लहान व्यासाचे चाक घेतात, ते याच कारणाने.

अलॉय बसवणारच असाल, तर नट तपासून घ्यावेत. लोखंडी रिमचे नट अलॉयच्या बैठकीत नीट बसतातच असे नाही आणि नटाची बैठक चुकली तर चाक सैल होते. स्टॉक वर्गाचा नियम त्यावर काही म्हणो न म्हणो, सुरक्षा तपासणीत गाडी तिथेच थांबते. सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधले भोक, तेही पाहावे. सुझुकीच्या या गाड्यांना चार बोल्ट, १०० मिलिमीटरचा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) आणि ५४.१ मिलिमीटरचा बोअर असतो. कंपनीचा अलॉय घेतला तर हा प्रश्न येत नाही, बाजारातला घेतला तर येतो.

आता ब्रेक. यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रश्नातला कळीचा भाग हाच आहे आणि यात कायदेशीरपणापेक्षा जास्त काही गुंतलेले आहे. आरएस मार्च २०१७ मध्ये आली. तिच्यात ९९८ सीसीचे, तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन होते, सुमारे १०२ अश्वशक्तीचे. आपल्या ११९७ सीसी इंजिनाची ताकद सुमारे ८४ आहे. जास्त ताकदीच्या आणि वजनानेही जड असलेल्या गाडीला कंपनीने चारही चाकांना डिस्क दिल्या. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले तेव्हा ही आवृत्ती बंद झाली. म्हणजे मागचा डिस्क ब्रेक बलेनोच्या वाट्याला आला तो या एकाच इंजिनासोबत. नोंदणीपत्रावर डेल्टा आणि मागे डिस्क दिसली, की तपासणी करणाऱ्याला पुस्तक उघडण्याचीही गरज पडत नाही.

आता काही जण म्हणतील, मग मागची संपूर्ण जोडणीच आरएसची केली तर? तर पाहू या काय काय बदलावे लागेल. डिस्क आणि कॅलिपर बसवायला हब आणि त्यामागचा आधार आरएसचा लागतो. एबीएसचे (ब्रेक लावताना चाके अडू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर त्याच हबच्या आसपास असतात, तेही जुळले पाहिजेत. हँडब्रेकची केबल ड्रमसाठी वेगळी आणि कॅलिपरसाठी वेगळी. पण खरी मेख पुढे आहे. ड्रम ब्रेकमधला एक जोडा (ब्रेक शू) चाक फिरत असताना आपणहून ड्रमला घट्ट ओढला जातो, त्यामुळे कमी दाबातही तो चांगला धरतो. डिस्कला हे साहाय्य मिळत नाही, तिला तेवढाच जोर काढायला जास्त दाब लागतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना किती दाब द्यायचा हे ठरवण्याचे काम एबीएसचा भाग असलेली ईबीडी करते आणि तिचे हिशेब ड्रम धरून केलेले असतात. ड्रमसाठी आखलेल्या यंत्रणेवर डिस्क टांगली तर मागचा ब्रेक अपुरा पडू शकतो, किंवा ईबीडीचा अंदाज चुकून तो भलत्या वेळी धरू शकतो. वळणात मागची चाके आधी अडली तर गाडी फिरते. म्हणजे नुसते मागचे दोन ब्रेक आणून भागत नाही. मास्टर सिलिंडर, एबीएसचा संच, वायरिंग असे करता करता आपण हळूहळू आरएसच बांधू लागतो.

आणि समजा, ती सगळी बांधली, इंजिनासकट. कागदावर आता ती ‘संपूर्ण बदल’ झालेली गाडी आहे, असे म्हणता येईल का? बहुतेक पुस्तकांत नाही, कारण आपली गाडी २०१६ ची आहे आणि आरएस २०१७ मध्ये आली, शिवाय चॅसिस क्रमांक डेल्टाचाच राहतो. पण क्षणभर मानू की आयोजकांनी डोळेझाक केली. तरीही वर्ग बदलतोच. एफआयएच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून वर्ग ठरवतात. ९९८ ला १.७ ने गुणले की जवळजवळ १,६९७ येतात. ग्रुप एनच्या जुन्या विभागणीत आपली ११९७ सीसीची डेल्टा १,४०० सीसीपर्यंतच्या गटात बसते, तर आरएस १,६०० ते २,००० सीसीच्या गटात जाते, जिथे तिची गाठ तिच्याहून पुष्कळ ताकदवान गाड्यांशी पडते. स्पर्धेने हा गुणक स्वीकारला असेल तर मागच्या डिस्कसाठी एवढी मोठी किंमत मोजण्यात शहाणपण नाही.

हाच प्रकार पोलोच्या बाबतीतही होतो. भारतात विकल्या गेलेल्या नेहमीच्या पोलोला, अगदी जीटी टीएसआयलासुद्धा, मागे ड्रमच होते. मागे डिस्क होत्या त्या २०१६ मध्ये आलेल्या जीटीआयला, आणि ती तीन दारांची, १.८ लिटर टर्बोची, बाहेरून तयार होऊन आलेली गाडी होती. तरीही ‘पोलोला कंपनीची मागची डिस्क मिळते’ असे सांगणारे लोक भेटतातच. ते खोटे बोलत नसतात, पण त्यांच्या गाडीला ती कधी मिळाली नव्हती.

आता मला विचाराल तर आपल्याला मागच्या डिस्कची गरजही नाही. पुढे इंजिन आणि पुढची चाके ओढणारी गाडी ब्रेक लागताच नाकावर झुकते आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचेच ब्रेक करतात. ऑटोक्रॉसची एक फेरी मिनिटा-दीड मिनिटाची असते, तेवढ्यात ड्रम तापून निकामी होण्याइतकी वेळच येत नाही. मातीवर तर उलटच आहे. खांबाला वळसा घालताना हँडब्रेक ओढून मागचा भाग फिरवायचा असतो आणि त्या कामाला चांगला जुळवलेला ड्रम अनेकदा कॅलिपरच्या हँडब्रेकपेक्षा जास्त झटकन धरतो. जो भाग काढून टाकायला आपण निघालात, तोच तिथे आपल्या उपयोगाचा आहे.

त्यापेक्षा नियमात बसणारी आणि खरा फरक पाडणारी कामे करावीत. पुढचे पॅड चांगल्या दर्जाचे, मूळ आकाराचेच घ्यावेत. झिजणारा भाग म्हणून बहुतेक स्टॉक वर्गांत पॅड बदलायला परवानगी असते. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवे भरावे. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ चे २३० अंशांपर्यंत. पण हे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि पाणी शोषलेल्या अवस्थेत हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. पावसाळा काढलेल्या जुन्या डॉट ४ पेक्षा ताजे डॉट ३ बरे, असे यातून दिसेल. मागचे ड्रम उघडून, धूळ झाडून, जोडे जुळवून घ्यावेत आणि हँडब्रेक किती दातांवर धरतो ते पाहावे. एबीएसचा फ्यूज काढायचा मोह होईल, कारण मोकळ्या मातीवर अडलेल्या चाकापुढे माती साठून गाडी लवकर थांबते आणि एबीएस तसे होऊ देत नाही. पण अनेक गाड्यांत फ्यूज काढताच ईबीडीही जाते, आणि स्टॉक वर्गात एबीएस बंद करणे हा स्वतंत्र बदल धरला जाऊ शकतो. ग्रुप एनमध्ये ते चालते. आपल्या स्पर्धेत चालते का, हे विचारल्याशिवाय करू नये.

‘एवढे कोण पाहतो?’ असाही एक सूर असतो. पाहणारा तपासणीवाला नसतोच बहुधा, आपल्यामागे दुसऱ्या क्रमांकावर आलेला स्पर्धक असतो. एफआयएच्या क्रीडासंहितेप्रमाणे तात्पुरता निकाल लागल्यापासून ३० मिनिटांच्या आत लेखी हरकत घेता येते, तिच्यासोबत ठरलेली रक्कम भरावी लागते आणि मग गाडी उघडून पाहिली जाते. मागची डिस्क शोधायला उघडावीही लागत नाही, ती चाकाच्या आऱ्यांतून दिसते. एका स्पर्धेत मी तपासणीला असताना एका तरुणाची गाडी सकाळी सुरक्षेच्या तपासणीत पास झाली होती आणि दुपारी वर्गाच्या हरकतीवरून बाद झाली. त्याचे म्हणणे होते, सकाळी आपणच पास केलेत ना? सकाळी पाहिले होते ते गाडी सुरक्षित आहे की नाही हे: हेल्मेट, बॅटरीची पकड, सैल सामान, ब्रेक धरतात का. ती गाडी त्याच्या वर्गात बसते याची ती हमी नव्हती, आणि ती तशी कधीच नसते.

थोडक्यात, इथवर तीन गोष्टी झाल्या: चाके नियमाच्या शब्दांवर अवलंबून आहेत आणि अल्फामुळे आपली बाजू बरी आहे, मागच्या डिस्क स्टॉकमध्ये बसत नाहीत, आणि जिथे बसतील त्या वर्गात आपली गाडी मागे पडेल. चौथी गोष्ट रस्त्याची आहे, आणि आपण याच गाडीने रोज कामावर जात असाल तर ती महत्त्वाची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असे बदल करायला मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते कलम काटेकोरपणे लावले. अल्फाच्या मापाची चाके हा तुलनेने सौम्य बदल आहे. ब्रेकची यंत्रणा बदलणे सौम्य नाही. पुढे कुठे अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने डेल्टाच्या मागे आरएसची डिस्क पाहिली, तर तिथे ‘सगळे मारुतीचेच आहे’ या वाक्याचा उपयोग किती होईल, हे आपणच ठरवावे.

आता करायचे काय ते सांगतो. आयोजकांना स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी ईमेल पाठवावा, फोन करू नये. त्यात गाडीचे मॉडेल, आवृत्ती, उत्पादनाचे वर्ष, इंजिनाची क्षमता आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले टायरचे माप लिहावे. त्या पट्टीचा आणि नोंदणीपत्राचा फोटो जोडावा. मग एकच नेमका प्रश्न विचारावा: ‘याच मॉडेलच्या, याच इंजिनाच्या अल्फा आवृत्तीला कारखान्यातून मिळणारी १६ इंची चाके या स्पर्धेच्या स्टॉक वर्गात वापरता येतील का, आणि ती आपल्या पूरक नियमांच्या कोणत्या कलमाखाली येतात?’ कलम विचारणे आवश्यक आहे, कारण ‘चालेल’ एवढे उत्तर देणारा माणूस स्पर्धेच्या दिवशी मैदानावर असेलच असे नाही. ब्रेकचा उल्लेख त्या पत्रात करू नये, कारण तो बदल आपण करणार नाही आहात. उत्तर आले की त्याची छापील प्रत आणि अल्फाच्या माहितीपुस्तिकेतले चाकांच्या मापाचे पान गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावे आणि तपासणीच्या रांगेत आपला क्रमांक येताच, कुणी विचारण्याआधीच, ते टेबलावर ठेवावे.